रोटाचा तुकडा

आमच्या खान्देशातल्या कानबाईच्या सणाचा रोट, म्हणजे देवीच्या प्रसादाची जाड पोळी, आपल्या कुळातल्यांनीच खायचा, हा आमच्या घरचा नेम. माझ्या देखत तो मोडायची कोणाची छाती नाही. यंदा सणाला माहेरी आलेल्या माझ्या लेकीने, नूतनने, एक तुकडा मागितला, तर मी तिचा हात धरला.

"तुनं लगीन व्हई गयं ना? आते तू दुसरा कुळनी."

तिने साधी पोळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी माझा मुलगा तेजस आणि सूनबाई सातपुड्याच्या जंगलात, तळ्याकाठी तंबूत राहायला निघाले. घरचे पलंग सोडून चिखलात लोळायची हौस! तिथे कुत्राही चालतो म्हणून कोकोलाही गाडीत बसवलं. रोट टाकायचा नसतो, म्हणून त्यांच्या वाट्याचा मी डब्यात बांधून दिला.

संध्याकाळी नूतनच्या मोबाइलवर त्यांचा फोटो आला. मागे तळं, पुढे तंबू, आणि सूनबाई कोकोला मांडीवर घेऊन रोट भरवतेय. नूतनने फोन माझ्या डोळ्यांपुढे धरून कोकोवर बोट ठेवलं.



"माय, हाऊ आपला कुळना शे का वं?"