गांडुळांचा संसार

बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याची विषारी माती धुऊन झाली होती. आता तिथे मुलांसाठी मैदान व्हायचं होतं. कंत्राटदार प्रयोगशाळेत येऊन माती तपासणाऱ्या बाईंसमोर ठाण मांडून बसला.

“बाई, रसायनं नियमात बसली. तुम्ही तपासणीसाठी सोडलेली गांडुळंही त्या मातीत ठणठणीत आहेत. मग दाखल्यावर सही करायला मुहूर्त बघताय का?”

“जगताहेत हो, पण त्यांना पिल्लं होत नाहीत,” बाई म्हणाल्या. “मातीत अजून काहीतरी बाधतंय. पुन्हा धुवा.”

त्याने कपाळावर हात मारला, पण माती धुतली. मग मात्र, घरात नवी सून आल्यासारखा, तो सारखा फोन करून विचारू लागला, “काही विशेष?”

एके सकाळी बाईंनी ट्रेमधली माती हलवली, तर दोऱ्याएवढी पांढुरकी पिल्लं वळवळत होती. त्यांनी आनंदाने त्याला फोन लावला. “पाळणा हलला हो! सही करते.”



“सुटलो बाई,” तो म्हणाला. “आम्ही समोरच राहतो. नात रोज हट्ट धरते, पण तिला अजून कुंपणाच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं मी.”