पांढरी अंडी

या वेळीही अंडी पांढरी पडली, म्हणजे वाया गेली.

एंजल माशांनी रुंद पानावर अंडी घातली होती, काकांनी ते पान जपून छोट्या टाकीत हलवलं होतं, आणि पाण्यातलं सगळं शेवटी पाण्यातच गेलं.

"जेवायला चला," काकू म्हणाल्या.

"भूक नाही. माझ्या हातून काही व्हायचं नाही बघ. देऊन टाकतो टाक्या कुणाला तरी."

काकूंनी वाढलेलं ताट झाकून ठेवलं. आतापर्यंत काळजी करायचं काम काकांकडे होतं. जिन्यावरून पडल्यापासून काकू खाली उतरल्या नव्हत्या. हाड कधीच जुळलं, पण मनाने कच खाल्ली. "चालला नाहीत तर पाय कायमचा आखडेल," डॉक्टरांनी बजावलं होतं. काकांनी विनवलं, चिडून पाहिलं, शेवटी नाद सोडला आणि हे मासे घेऊन आले.

"चला, माझ्यामागची भुणभुण तरी संपली," तेव्हा काकू म्हणाल्या होत्या.

आता हा माणूस त्या माशांपायी उपाशी! दुपारी तर चक्क पांघरूण ओढून झोपला. एरवी दिवसा पापणीला पापणी न लावणारा.

काकूंनी धुळीने माखलेल्या चपला शोधल्या. कठडा घट्ट धरून, स्वतःला शिव्या घालत, त्या पायरी पायरी उतरल्या. काकांनी मासे आणले होते त्या कोपऱ्यावरच्या दुकानात पोचेपर्यंत पदर घामाने भिजला होता.

"एंजलची बारीक पिल्लं द्या," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "आणि आमच्या ह्यांना यातलं अक्षर कळता कामा नये."

दुकानदाराने एकही प्रश्न न विचारता पिशवी भरून दिली.

काका उठले तेव्हा छोट्या टाकीत पिल्लं भिरभिरत होती.

"अगं, फुटली की अंडी!" काका ओरडले. त्या रात्री ते दोन घास जास्तच जेवले. काकूंना हसूही आलं आणि रडूही.

पिल्लांना जिवंत खाणं लागतं आणि ते टिकत नाही.

"मीच आणलं असतं," काका म्हणाले, "पण यांच्यावरून नजर काढायचा धीर होत नाही गं."

"बसा तुम्ही. मी जाते."

मग काकू एक दिवसाआड जाऊ लागल्या. पिल्लांना पंख फुटले, काकूंचा कठडा सुटला. एकदा तर त्या भाजी घेऊन, लांबच्या रस्त्याने शेजारणीशी गप्पा मारत आल्या.

एंजलनी पुन्हा अंडी घातली. पुन्हा पांढरी! काका पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपले.

काकू तरातरा दुकानात गेल्या.

"त्यांना असं किती दिवस फसवू? माझ्याच्याने होत नाही आता. ही जोडी परत घ्या आणि धड अंडी देणारी द्या."

दुकानदाराने त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि तो हसला.

"आता सांगायला हरकत नाही, काकू. जोडी नाहीच ती. काकांनी मुद्दाम दोन्ही माद्याच मागून नेल्या. म्हणाले, अंडी पांढरी पडली, तरच ती जिना उतरेल."