चाकाखालचं लिंबू

“पट्टा लावला, आता आंबा घाटातून थेट रत्नागिरी,” बायकोला पुढच्या सीटवर बसवून मी म्हणालो. लांब निघताना ठेवतात तसं चाकाखाली लिंबू ठेवलं आणि गाडी सुरू केली.

गाडी सोसायटीच्या पार्किंगमधून इंचभरही हलली नाही. साखरेनं तिची नजर नेली होती, वयानं माझं लायसन्स. मग दोन वर्षं मी खिडकी उघडून, इंजिन घुरघुरत ठेवून तिला अशाच सफरी घडवल्या. लडाखला एका याकानं शेपटी उडवून आम्हाला साइड दिली, तेव्हा ती पोट धरून हसली होती.

रत्नागिरीला ‘निघालो’ त्या दिवशी मात्र ती हळूच म्हणाली, “अहो, इतकं फिरलो, पण लिंबू फुटल्याचा आवाज एकदाही आला नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही न्यायचं थांबवलं असतंत.”

आज तिला शववाहिनीत ठेवल्यावर मी वाकून चाकाखाली लिंबू सरकवलं.

“आजोबा, याला लिंबू कशाला?” ड्रायव्हरनं विचारलं.

“तिला आवाज ऐकायचाय.”

तिच्याशेजारी बसलो. गाडी हलली, लिंबू फुटलं. “आंबा घाट लागला बघ,” मी म्हणालो, पण पुढची थाप काही केल्या सुचेना.