पुढे धरलेला करंडा

"सतरंजी एवढी मोठी, आणि मेल्या सगळ्या बसल्यात माझ्याच मांडीवर!" सासूबाई पुटपुटल्या. माझ्या बाजूची सतरंजी रिकामीच होती.

धाकट्या जावेनं, शालननं, सगळ्यांना बोटानं हळदीकुंकू लावलं. माझ्यापुढे मात्र करंडाच धरला. "जाऊबाई, तुमचं तुम्हीच लावून घ्या हं."

माझ्या अंगावरचे फोड कुणाला लागत नाहीत, हे सांगून झालंय. जंतूंवर सोडायची हत्यारं रक्तातल्या 'बी' नावाच्या रक्षक पेशी माझ्याच कातडीवर सोडत होत्या, म्हणून औषधानं त्या मारल्या. आता कुणाची साधी सर्दीही मला महागात पडेल. भ्यायचं तर मीच भ्यायला हवं!

आरशाशिवाय लावलेलं कुंकू भुवईवर गेलं. ते पुसायला शालन पुढे झाली, आणि तिचा हात मध्येच थांबला.

"लागत नाही, कळतं हो जाऊबाई," ती रडवेली झाली. "पण किळस येते."