चाळीस आणि तीनशे

साखरशेतच्या नवशीला थोरली जाऊ जमुना सोसवत होती, पण तिची पोरगी दिपिका सोसवत नव्हती. नवशीचा सुरज आणि दिपिका, दोघंही रसायनशास्त्रात पीएचडी झाली. इथवर बरोबरी होती. पण परवा नाचणी खुडता खुडता जमुना म्हणाली, "माझ्या दिपिकाच्या शोधाचं नाव तीनशे जणांनी आपल्या लेखात छापलंय, नवशे. सुरजचं गं किती?"

नवशीचा जळफळाट झाला. सुट्टीला आलेला सुरज उंबऱ्यात टेकतो न टेकतो तोच तिने विचारलं, "तुझं नाव किती जणांनी छापलं?"

"चाळीस."

"चाळीस! आणि ती शेंबडी पोर तीनशे? तुझं नाव घेताना लोकांची जीभ झडते का रे?"

"आये, त्या चाळिसातले निम्मे लेख दिपिकाचेच आहेत. ती दर लेखात माझं काम सांगते."

नवशी वरमली. भाताच्या लावणीला जो आपल्या खाचरात राबतो, त्याच्या खाचरात आपणही उतरायचं असतं, एवढं तिला शाळेवाचून कळत होतं. "मग तूही तिचं नाव छापलं असशील."

"एकदाही नाही."

"का? तिचं काम खोटं आहे?"

"खरं आहे. माझं सगळं त्याच्यावरच उभं आहे. पण मी नाव घेतलं तर तिचा आकडा वाढेल ना!"

नवशीने दाराबाहेर डोकावून जमुना जवळपास नाही एवढं बघितलं, आणि लेकासाठी खुराड्यातला सगळ्यात मोठा कोंबडा धरायला गेली.