देवदाराचं कुंपण

वाईतल्या बंगल्याच्या परसात चहा घेत बसलो, की पलीकडच्या खोपटातून धोंडुबाई आणि तिचा अंथरुणाला खिळलेला नवरा टक लावून बघायचे. मला ते खपेना. देवदाराच्या फळ्या आणवून मी आठ फुटी कुंपण ठोकून घेतलं.

"आवं मालक, म्हाताऱ्याच्या खाटंवर सकाळचं ऊन येतंय, त्ये आडतंय बगा," ती विनवत होती.

"मग खाट हलव," मी म्हणालो.

त्याच थंडीत म्हातारा गेला. तेरावं उरकल्यावर ती कुंपणापाशी आली. रडली नाही, भांडली नाही.

"तुमाला कुनाच्या नजरंला पडायचं न्हवतं न्हवं? मंग नका पडू."

दुसऱ्या दिवशी सकाळी चारुलता, माझी बायको, चहाचे दोन कप घेऊन परसात आली. माझ्याकडे बघतच तिनं हाक मारली, "अहो, कुठे आहात?"

"हा काय समोर!" मी खेकसलो.

तिनं मला फोन लावला. तो माझ्या खिशात वाजत राहिला. मी तिचा खांदा धरून गदागदा हलवला, तर तिनं शाल घट्ट लपेटली. "इथे एवढं गार का वाटतंय?" असं पुटपुटत ती आत गेली आणि तिनं दाराला कडी घातली.

तेवढ्यात कुंपणाच्या फळीतली एक गाठ सुटून माझ्या पायाशी पडली. त्या भोकाला पलीकडून एक डोळा लागला.

"मला दिसताय की, मालक," धोंडुबाई म्हणाली. "आता मला एकटीलाच."