पलंगाची डावी बाजू

आमच्या बंदरगावच्या संग्रहालयात दीडशे वर्षांपूर्वीच्या जहाजव्यापाऱ्याची निजायची खोली मांडली आहे. तिथल्या पलंगाचा वेत डावीकडे चार सेंटिमीटर खचला होता, उजवीकडे अजिबात नाही. जुन्या वस्तूंची डागडुजी माझ्याकडे; मी मोजून वहीत लिहिलं आणि वेत नव्याने विणून घेतला. दुसऱ्या दिवशी फर्निचर पुसणाऱ्या भामाबाई पलंगापाशी थबकल्या. “ताई, शेठानीची जागा कुठं गेली?” “कसली जागा?” “शेठ सदा बोटीवर. ती आपल्या कडंला निजायची, त्याची बाजू सोडून.” “हे कुठे लिहिलंय?” “लिहायला कशाला पायजे? आमचे मालक जाऊन अकरा वर्षं झाली. समदी खाट माझीच हाय, तरी मी अजून कडंलाच.” त्यांनी सपाट वेतावरून हात फिरवला. “रोज पुसताना त्या खळग्यात घडीभर हात ठेवायची. सोबत वाटायची.” जुना वेत कालच जाळला होता. माझ्या वहीत उरलं होतं, ‘डावीकडे चार सेंटिमीटर.’